लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून मिळेल? पैसे देण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात पोलादपूरकडचे एक गुरुजी लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, यावर विंडोज 11 चढत नाही. एक जण म्हणतोय, नऊ हजारांत आय-सेव्हन प्रोसेसर टाकून देतो. देऊ का?"

आम्ही दोघं महाडच्या बाजारपेठेत माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने झाकण उघडलं, पंखा आणि तांब्याची नळी बाजूला केली. प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला. मेकॅनिक म्हणाला, "गुरुजी, हा निघायचा नाही. काढायचं मशीन मोठ्या शहरात असतं, पण खर्च आणि भरवसा बघता जुना लॅपटॉप घेतलेला बरा."

असं पूर्वी नव्हतं, बरं का.

संगणकाचा मेंदू बदलता येतो, हे आपल्या महाराष्ट्रानेच मोठ्या प्रमाणावर दाखवलंय. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार झाला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर चालायचा. पुढच्या 'परम 8600' मध्ये त्याच ट्रान्सप्युटरच्या जोडीला इंटेलची आय860 चिप आणून ताकद वाढवली. सगळं मोडून शून्यापासून सुरुवात केली नाही.

लॅपटॉपमध्येही तेव्हा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसायचा. एक स्क्रू फिरवला की सैल, पुन्हा फिरवला की घट्ट. पण सॉकेटात बसला म्हणजे चालला, असं नाही. 2006 चं आणि 2007 चं इंटेलचं सॉकेट घ्या. दोन्हींच्या पिना 478, पण मांडणी वेगळी. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याला चालत नाही.

हा धडा मी स्वतः पैसे घालून शिकलो. माझा 2011 चा लॅपटॉप, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री. 2016 मध्ये मी तिसऱ्या पिढीचा जुना आय-फाइव्ह आणला. सॉकेटात चपखल बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळी! बोर्डावरच्या बायोसला ही नवी चिप ओळखताच येईना. मग दुसऱ्याच पिढीचा, तेवढ्याच 35 वॅटचा आय-फाइव्ह शोधला. तो लगेच चालला. 45 वॅटचा टाकला असता, तर पंख्याला ती उष्णता झेपलीच असती असं नाही.

22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा तोच लॅपटॉप डोक्यावर धरून मी जिना चढलो. तळियेची बातमी त्याच्यावरच टाइप केली. दहा वर्षांचं ते यंत्र होतं, पण एक भाग बदलता आला म्हणून ते कामाचं राहिलं.

मग बदललं काय? जानेवारी 2008 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी लिफाफ्यातून मॅकबुक एअर काढून दाखवला आणि पातळ लॅपटॉपची हौस सुरू झाली. 2011 मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' हा शब्द आणला. सॉकेटने जाडी वाढते, म्हणून सोल्डर. 2013 च्या चौथ्या पिढीनंतर इंटेलच्या नेहमीच्या लॅपटॉप प्रोसेसरमधून सॉकेट गेलंच. जाडी काही मिलिमीटर कमी झाली, त्याबदल्यात दुरुस्तीची एक वाट बंद झाली. आपल्याला कुणी विचारलं नाही.

आता पुढचा धक्का. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार सर्वसाधारणपणे संपला. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम 2.0. गुरुजींचा सहाव्या पिढीचा. यंत्र धडधाकट, पण यादीत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे की सोल्डर केलेला? चिपसेट आणि बायोस नवी चिप ओळखतात का? वॅट किती? आणि चालला नाही तर पैसे परत मिळतील का? उत्तर गोलमोल आलं, की उठा आणि घरी या.

केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. पण पोर्टलमुळे सोल्डर सुटत नाही. भाग बदलता येईल असंच यंत्र बनवा, हे कायद्यात यायला हवं. मोठ्या शहरातला माणूस नवा लॅपटॉप घेतो. वाडीवरच्या पोराला तोच जुना पुरवावा लागतो.

गुरुजींचं काय झालं? हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली, रॅम वाढवली आणि लिनक्स चढवलं. नऊ हजारांच्या निम्म्यातही काम झालं. आता शाळेची पत्रकं त्याच लॅपटॉपवर निघतायत.