पनवेलची खडी आणि कामगारांची छाती

पनवेल तालुक्यात दगड फोडण्याचा धंदा जुना, पण त्याचे रूप पालटले ते १९७० साली सिडको स्थापन झाल्यानंतर. नवी मुंबईचे नोड म्हणजे नियोजित वसाहती, १९८९मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अलीकडे नेऱ्यासारख्या गावांना कवेत घेणारे ‘नैना’ हे नियोजित विकासक्षेत्र, या सगळ्याला खडी लागली. छिन्नी, सुतकी आणि घण घेऊन वडार जिथे दगड फोडत, तिथे कॉम्प्रेसरवरची ड्रिल आणि क्रशर आले. उत्पादन वाढले, तशी पिठासारखी बारीक धूळही वाढली.

इथला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मापेक्षा त्यात मुक्त सिलिका पुष्कळ कमी असते. म्हणून त्याची धूळ निरुपद्रवी समजणे मात्र चूक आहे. बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक साठलेले असतात, आणि कुठल्या खाणीत सिलिका किती हे मोजल्याविना कळत नाही. शिवाय सिलिका कमी असली तरी वर्षानुवर्षे धूळ श्वासातून गेली की श्वासनलिका सुजतात, खोकला कायमचा जडतो.

घातक असतात ते डोळ्यांना न दिसणारे कण. साधारण ५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. सिलिकाचा कण गिळणारी रक्षक पेशी स्वतःच मरते. पुन्हा पुन्हा असे होऊन तिथे चट्टे पडतात आणि फुप्फुस ताठरते. हाच सिलिकोसिस. तो बहुधा दहा-पंधरा वर्षांनी उघड होतो, धुळीचे प्रमाण फार असेल तर काही वर्षांतच. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि बरा करणारे औषध नाही. क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. १९९७ साली स्फटिकी सिलिकाची नोंद फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांतही झाली.

भारतात हा आजार १९३४ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींत नोंदवला गेला. म्हैसूर संस्थानाने १९४० साली त्यासाठी नियम केले, आणि १९५२च्या खाण कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक झाले. दगडखाणही कायद्याने खाणच. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने बांधकामाचा दगड आणि खडीच्या उघड्या खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट दिली. अट एवढीच, की खोली ६ मीटरच्या आत असावी, माणसे पन्नासपेक्षा जास्त नसावीत आणि सुरुंग लावू नयेत. खाणीबाहेरचा क्रशर १९४८च्या कारखाना कायद्यात मोडू शकत असे. तिथे निरीक्षक वेगळे, नोंदवही वेगळी. दगड हे गौण खनिज असल्याने महसूल खाते स्वामित्वधनासाठी ब्रास मोजते. ठेकेदारामार्फत आलेल्या, हंगामागणिक खाण बदलणाऱ्या मजुराची छाती मात्र सहसा कुणाच्याच खात्यात येत नाही. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत खाण आणि कारखाना हे दोन्ही कायदे एकत्र आणले आहेत.

निदानाची अडचण आणखी निराळी. नेऱ्याच्या ‘शांतिवन’ या संस्थेत ज्यांच्यासाठी काम चालते, त्या कुष्ठरुग्णांच्या अंगावर चट्टे दिसतात, म्हणून गावोगाव फिरून रुग्ण शोधता येतात. सिलिकोसिस क्ष-किरणाशिवाय सापडत नाही, आणि छायाचित्रात तो पुष्कळदा क्षयासारखा दिसतो. क्षयाचे उपचार पुरे होऊनही दम लागत असेल, तर रुग्णाने आजवर कोणती कामे केली हे विचारणे आवश्यक ठरते. खाणीत काम केल्याचा कागद नसेल, तर निदान होऊनही भरपाई मिळवणे कठीण जाते.

प्रतिबंधाची साधने मात्र साधी आहेत. ड्रिलच्या टोकाशी पाणी सोडले की धूळ उगमाशीच बसते. क्रशरच्या तोंडाशी फवारे, पट्ट्यांवर झाकण, आतील-बाहेरील रस्त्यांवर पाणी, ही पुढची पायरी. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर बारीक कण अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्कही पाण्याची जागा घेऊ शकत नाही. कामावर घेताना आणि पुढे ठरावीक काळाने छातीचा क्ष-किरण व श्वासक्षमतेची तपासणी करायची, आणि तिचा अहवाल मजुराच्याच हाती द्यायचा, म्हणजे खाण बदलली तरी तो त्याच्याबरोबर जातो.