गोव्यातील 1822 ची कोर्तेस-निवडणूक

पोर्तुगीज साम्राज्याच्या संसदेवर, म्हणजे कोर्तेसवर, गोव्यातून प्रतिनिधी पाठवण्यासाठी जानेवारी 1822 मध्ये झालेली पहिली निवडणूक. युरोप, ब्राझील, आफ्रिका आणि आशियातल्या प्रजेने एकाच सभागृहासाठी मत द्यावे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. तुलनेसाठी पाहायचे तर ऑस्ट्रियाच्या बहुभाषिक साम्राज्यात सर्व पुरुषांच्या मतावर संसद निवडली गेली ती 1907 मध्ये.

ऑगस्ट 1820 मध्ये पोर्तो शहरात उदारमतवाद्यांनी उठाव केला आणि राजाला संविधानाची मागणी मान्य करावी लागली. ही लाट सप्टेंबर 1821 मध्ये गोव्यात पोचली. व्हाइसरॉय काउंट रियु पार्दु याला पदच्युत करून कारभार एका मंडळाच्या हाती गेला. निवडणुकीची पद्धत स्पेनच्या 1812 च्या कादिझ संविधानावरून उचललेली होती. तीत मालमत्तेची अट नव्हती. मात्र स्त्रिया, गुलाम आणि घरगुती नोकर बाहेर राहिले. मतदान थेट नव्हते. चर्चच्या परगण्यात लोक जमून काही जणांना निवडत, ते पुढच्या निर्वाचकांना, आणि अशा पायऱ्या चढत अखेर प्रतिनिधी ठरे. मतदानाची सुरुवात चर्चच्या चौकटीतून होत असल्याने हा सोहळा मुख्यतः तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादीचा, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखाचा, राहणार, हे ओघानेच आले.

निवडून आलेले तिघेही कॅथलिक: बेर्नार्दो पेरिश द सिल्वा आणि कोन्स्तांसियु रोके द कोस्ता हे गोमंतकीय, तर आंतोनियु जुझे द लिमा लैतांव हा पोर्तुगालात जन्मलेला सरकारी वैद्य. पण त्यांना लिस्बनला नेणाऱ्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालायचा होता. संविधान सप्टेंबर 1822 मध्ये तयार झाले, त्याच महिन्यात ब्राझील फुटून निघाला आणि 1823 च्या उन्हाळ्यात राजाने संविधानच गुंडाळले. गोव्याच्या मताला वजन येण्याआधीच ज्या सभेसाठी ते दिले होते ती उरली नाही.

पेरिश द सिल्वा (1775–1844) हे नेवऱ्याचे डॉक्टर. त्यांच्या वाट्याला पुढे जे आले ते या निवडणुकीवरचे खरे भाष्य ठरते. लिस्बनने त्यांना पोर्तुगीज हिंदुस्थानचे प्रीफेक्ट, म्हणजे प्रमुख प्रशासक नेमले. जानेवारी 1835 मध्ये त्यांनी सूत्रे घेतली आणि तीन आठवडेही झाले नव्हते तोच लष्कराने बंड करून त्यांना हाकलले. मे महिन्यात गास्पर दियशच्या किल्ल्यात त्यांच्या बाजूच्या शिपायांची कत्तल झाली. लिस्बनमध्ये गोमंतकीय बसलेला चालत होता, पणजीत नव्हे. पुढे ते पुन्हा प्रतिनिधी म्हणून निवडून गेले आणि लिस्बनलाच वारले.

मताधिकार मात्र रुंदावण्याऐवजी आक्रसत गेला. 1826 च्या सनदेने मतदाराला वर्षाकाठी 100 मिलरेईस उत्पन्नाची अट लावली. 21 सप्टेंबर 1890 रोजी मडगावात निवडणुकीच्या वेळी सैन्याने जमावावर गोळीबार केला. त्यावर रचलेला कोकणी मांडो आजही गायला जातो. हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळायला 1910 चे प्रजासत्ताक यावे लागले.

गोव्याबाहेर, घाटावरच्या ब्रिटिश मुलखात मताधिकाराचे चित्र वेगळे होते. गोव्यात मते पडली तेव्हा पेशवाई बुडून चारच वर्षे झाली होती. कंपनी सरकार जमिनीचा हिशेब मांडत होते. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची नवी मोजणी 1835 च्या सुमारास सुरू झाली तीच पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात. त्या आकारणीनेच पुढे मतदार ठरवला. 1920 च्या मुंबई कायदे कौन्सिलसाठी पुणे जिल्ह्यात किमान 32 रुपये आकाराची जमीन लागे, 1937 मध्ये 8 रुपये. इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे गावच्या जिराईत शेतकऱ्याला पहिल्या वेळी मत मिळणे कठीणच होते, आणि भूमिहीनाला ही वाट दोन्ही वेळा बंद होती. ही अट 1951–52 च्या सार्वत्रिक निवडणुकीत गेली. गोव्यात प्रौढ मतदानाने विधानसभा निवडली गेली डिसेंबर 1963 मध्ये. त्या वेळी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.