कंटकशोधन आणि अनुशय : ग्राहकाच्या गाऱ्हाण्याची दोन स्थाने

कौटिलीय अर्थशास्त्रात बाजारातील फसवणुकीची चर्चा एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी आहे. वाजवीपेक्षा अधिक भाव घेणाऱ्या व्यापाऱ्याचा विचार 'कंटकशोधन' या चौथ्या अधिकरणात येतो. विकत घेतलेला माल परत करून पैसे मागण्याचा प्रश्न मात्र 'धर्मस्थीय' या तिसऱ्या अधिकरणात, ऋण आणि निक्षेप यांच्या पंक्तीला बसतो. ही विभागणी केवळ ग्रंथरचनेची सोय नव्हे. चढा भाव हा राज्याच्या अंगात रुतलेला काटा, तर परतावा हा दोन माणसांमधील व्यवहार, अशी तिच्यामागची धारणा आहे. भारतातील ग्राहकाच्या गाऱ्हाण्याचा पुढचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन स्थानांमधील अंतराचा इतिहास आहे.

कंटकशोधनात आकडे स्पष्ट आहेत. अनुमत खरेदी-किमतीवर स्वदेशी मालाला शेकडा ५ आणि परदेशी मालाला शेकडा १० इतकाच नफा; त्यापलीकडे शंभर पणांमागे ५ पण अधिक उकळणाऱ्यास २०० पण दंड. हा दंड राजकोशात जातो. ज्याच्याकडून पाच पण जास्त घेतले, त्या गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडते, याची चौकशी तेथे होत नाही. उलट धर्मस्थीयात सारा भर देणाऱ्या-घेणाऱ्याच्या हिशोबावर आहे. व्यवहार मोडण्यासाठी व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गोरक्षकांना पाच रात्रींची मुदत सांगितली आहे. मनुस्मृती ती दहा दिवसांपर्यंत नेते. नारदस्मृती अधिक व्यवहारी आहे : न बिघडलेला माल त्याच दिवशी परत केल्यास पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी तिसावा भाग कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट कापून, आणि त्यानंतर माल घेणाऱ्याचाच. या प्रकरणाचे नाव 'क्रीतानुशय'. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. खरेदीनंतर मनाला लागणारी चुटपुट हा कायद्याचा विषय होऊ शकतो, हे या शास्त्रकारांनी मान्य केले होते, ही गोष्ट सहजी नजरेआड करण्यासारखी नाही.

मध्ययुगात यांपैकी पहिल्या स्थानाचाच बोलबाला दिसतो. अलाउद्दीन खिलजीने दिल्लीत धान्यापासून कापडापर्यंत भाव बांधून दिले आणि धान्यबाजारावर शहना नेमला. बरनीच्या वृत्तांतानुसार सुलतान लहान मुलांना पैसे देऊन बाजारात खाद्यपदार्थ आणायला पाठवी, आणलेला माल तोलून पाही, आणि वजन जितके कमी भरे तितके मांस दुकानदाराच्या अंगाचे कापले जाई. वर्णनात अतिशयोक्ती असेल. पण त्यात तक्रारदार कुठेच नाही, हे ध्यानात घ्यावे. गाऱ्हाणे सुलतान स्वतःच निर्माण करतो आणि स्वतःच निवारतो. पेशवेकालीन पुण्यात बाजारभावावरची देखरेख कोतवालीकडे होती. 'निरख' हा शब्द त्या व्यवस्थेची खूण आहे. गिऱ्हाईक फिर्याद घेऊन कोतवालाकडे जाऊ शके, परंतु ती व्यवस्था मूलतः शहराच्या बंदोबस्ताचा भाग होती.

इंग्रजी अमलात दुसरे स्थान दिवाणी न्यायालयात गेले. १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा यांनी परताव्याला शास्त्रशुद्ध चौकट दिली. पण घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत हे तत्त्व सामान्य नियम म्हणून स्वीकारले, आणि अपवाद त्यानंतर. शिवाय दिवाणी दावा म्हणजे मुद्रांक, वकील आणि तारखा. चार-दोन रुपयांच्या मालासाठी एवढा खटाटोप कोण करणार? नारदाची तीन दिवसांची मुदत कितीही कठोर असो, ती गिऱ्हाइकाच्या आवाक्यात होती. पहिल्या स्थानाला बळ आले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४३ मध्ये साठेबाजी व नफेखोरी यांविरुद्ध वटहुकूम निघाला. स्वातंत्र्यानंतर १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा त्याच वाटेने गेला. येथेही धाड, जप्ती, खटला हाच क्रम. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला फार तर साक्षीदाराची जागा.

ही जागा बदलली ती कायद्याने नव्हे, रस्त्यावर. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी महिला आघाडी उभी राहिली, आणि लाटणे-थाळी घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे निघाले. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. 'तक्रार' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ पुनरुक्ती. पुनःपुन्हा तेच बोलणारी ही माणसे प्रथमच स्वतःच्या नावाने उभी होती.

२४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोन्ही स्थाने एका छपराखाली आणली. सदोष माल आणि सेवेतील उणीव यांच्याबरोबरच, कायद्याने ठरवलेल्या किंवा वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा अधिक किंमत घेणे हाही तक्रारीचा विषय ठरला, आणि किंमत परत देण्याचा व भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार त्रिस्तरीय मंचांना मिळाला. आरंभी तक्रारीला शुल्क नव्हते, वकिलाची सक्तीही नव्हती. तथापि या तरतुदीतील एक मर्यादा पुरेशी चर्चिली गेलेली नाही. 'महाग' आणि 'जास्त' यांत कायदा भेद करतो. जास्त म्हणजे लिहिलेल्या आकड्याहून जास्त. आकडाच नसेल, तर भाव कितीही अवाच्या सवा असो, तो केवळ महाग ठरतो. म्हणूनच पुडक्यावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापण्याचा १९९० चा नियम ग्राहकाच्या दृष्टीने मूळ कायद्याइतकाच मोलाचा. पण त्या नियमाचा भंग झाल्यास कारवाई करतो तो वैधमापन निरीक्षक, आणि दंड पुन्हा सरकारजमा होतो. बाटलीमागे घेतलेले जादा पाच रुपये परत हवे असतील, तर मंचाची वाट निराळी. उपाहारगृहात बसून प्यायलेल्या बाटलीबंद पाण्याला तर हा दंडविधी लागूच होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला.

वस्तू व सेवा कराबरोबर २०१७ मध्ये आलेल्या नफेखोरीविरोधी प्राधिकरणात या दोन स्थानांचा विलक्षण संकर झाला. करकपातीचा लाभ दडपणाऱ्याने ती रक्कम व्याजासह ग्राहकाला द्यावी. ग्राहक सापडत नसेल, तर ती ग्राहक कल्याण निधीत भरावी. साबण-शाम्पू घेणारी लक्षावधी माणसे सापडणार कशी? डिसेंबर २०२२ पासून हे काम स्पर्धा आयोगाकडे गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून अशा नव्या तक्रारी स्वीकारणेच थांबले.

मार्च २०२० मध्ये महामारीच्या सावटात मुखपट्ट्या व हातशुद्धी द्रव अत्यावश्यक वस्तूंत घेतले गेले. २०० मिलिलिटर द्रवाची कमाल किंमत १०० रुपये ठरली, आणि त्या क्षणी कालपर्यंत जे महाग होते ते जास्त झाले. ही मर्यादा ३० जून २०२० पर्यंतच होती. त्याच सुमारास टाळेबंदीत रद्द झालेल्या विमान-तिकिटांचा परतावा हा देशव्यापी वाद झाला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला; इतर तिकिटांबाबत अडचणीतील कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत पतखात्याची मुभा मिळाली, मात्र त्या रकमेत दरमहा वाढ देण्याच्या अटीवर. दिवस उलटला की तिसावा भाग कापणाऱ्या नारदाच्या नेमके उलट गणित येथे आहे.

परंतु अनेक तिकिटे मध्यस्थांमार्फत काढलेली होती, आणि पैसे तेथे अडकले. २०१९ च्या नव्या कायद्याने जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले होते. एकेकट्या ग्राहकाचा दावा आयोगाकडे आणि समूहाच्या हिताला बाधा आणणाऱ्या वर्तनाची चौकशी प्राधिकरणाकडे, अशी जुनी विभागणी त्यात नव्याने आली आहे. फरक एवढाच, आणि तो थोडा नव्हे, की प्राधिकरणाला किंमत परत देण्याचा आदेशही देता येतो. या अधिकारात प्राधिकरणाने २०२४ मध्ये एका प्रवासी मध्यस्थ कंपनीला फर्मावले की, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पाच स्वतंत्र जागा ठेवून तेथून उरलेल्या प्रवाशांना दूरध्वनी करावेत. चार वर्षांपूर्वीच्या तिकिटांचे पैसे थकलेले आहेत, हे आता कंपनीच्या खर्चाने ग्राहकाला कळवले जाणार होते.