मुंबई की कलकत्ता? जबलपूरच्या दोन वाटा

जबलपूर शहराच्या उत्तरेस, कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराजपूर ही वस्ती आहे. शहराचा पसारा वाढत वाढत आता तेथवर पोहोचला आहे. या परिसरातील एखाद्या मराठी कुटुंबाच्या हाती सुटीचे चार दिवस आले आणि एखादे मोठे शहर पाहून यावे असा विचार निघाला, म्हणजे दोन नावे हटकून पुढे येतात. एक मुंबई आणि दुसरे कलकत्ता. लोहमार्गाने मुंबई सुमारे ९९० किलोमीटर, तर हावडा सुमारे ११८० किलोमीटर. पश्चिमेस एक महानगर आणि पूर्वेस दुसरे, आणि दोहोंकडे थेट गाडी, असे भाग्य फार थोड्या गावांना लाभले आहे. परंतु निवडीची ही मोकळीक जबलपूरकरांस नेहमीच होती असे नाही. तिला एक इतिहास आहे.

लोहमार्गापूर्वी ‘चार दिवसांची सहल’ ही कल्पनाच संभवत नव्हती. नर्मदाकाठचा हा मुलूख १७८१ मध्ये गोंड राजवटीकडून सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांस दिला आणि १८१७ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या हाती गेला. मराठी कुटुंबे येथे आली ती प्रथम या राज्यकारभाराच्या निमित्ताने. त्या काळी मोठी वाट एकच होती. नागपुराकडून येऊन जबलपूरवरून मिर्झापुरास, म्हणजे गंगेच्या काठी, जाणारी. नागपूर प्रांताचा कापूस बैलांच्या पाठीवर लादला जाई, याच वाटेने मिर्झापुरास पोहोचे आणि तेथून नावांतून कलकत्त्यास उतरे. काशी-प्रयागचे यात्रेकरूही याच दिशेने जात. ठगांच्या भीतीने त्यांना जथ्याजथ्याने चालावे लागे. जबलपुरास राहून कर्नल स्लीमन याने ठगांचा बंदोबस्त केला, तेव्हा कोठे ही वाट निर्धास्त झाली. मुंबईची वाट मात्र डोंगर, अरण्ये आणि घाट यांनी अडविलेली होती. भाषेने जवळची मुंबई प्रवासाने दूर होती.

ही स्थिती अवघ्या तीन वर्षांत पालटली. १८६७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा अलाहाबादेहून जबलपुरास आला. इकडे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६५ मध्ये कसाऱ्याचा थळ घाट सर केला आणि भुसावळ, खांडवा, इटारसी असे टप्पे घेत तिचे रूळ नर्मदेच्या खोऱ्यात उतरले. १८७० च्या मार्च महिन्यात, लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, हे दोन्ही मार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. मुंबई आणि कलकत्ता प्रथमच लोहमार्गाने जोडली गेली. चारच महिन्यांपूर्वी सुएझचा कालवा खुला झाला होता. विलायतेहून आलेली टपाल मुंबईस उतरून जबलपूरवरून कलकत्त्यास धावू लागली. राज्यकर्त्यांनी हा मार्ग बांधला तो टपाल, फौज आणि व्यापार यांच्या सोयीसाठी. जबलपूरकरांस सहलीसाठी दोन दिशा मोकळ्या व्हाव्यात, हा हेतू त्यात कोठेच नव्हता. परंतु दिशा मोकळ्या झाल्या खऱ्या. आणि योग असा, की दोन्ही दिशांना कुंभमेळ्याचे एकेक क्षेत्र होते. पूर्वेस प्रयाग, पश्चिमेस नाशिक.

तरीही मार्ग असणे निराळे आणि ओढ असणे निराळे. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याचे मुख्य ठाणे झाले. पण त्या प्रांताचा चीफ कमिशनर उत्तर देई तो कलकत्त्यास, कारण १९११ मध्ये दिल्लीची घोषणा होईपर्यंत हिंदुस्थानची राजधानी तेथे होती. १८७३ मध्ये सागरहून जबलपुरास आलेले सरकारी महाविद्यालयही आरंभी कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. ते पुढे अलाहाबादकडे गेले आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाल्यावर नागपूरकडे वळले. पदवी आणि हुकूम पूर्वेकडून यावा, आणि सोयरीक, नाटक व छापील मराठी पुस्तक पश्चिमेकडून, अशी येथील मराठी माणसाची ओढाताण दोन पिढ्या चालली.

लोहमार्गाच्या या वैभवास १९०० साली ओहोटी लागली. त्या वर्षी बंगाल-नागपूर रेल्वे हावड्यापर्यंत पोहोचली. नागपूरवरून मुंबई-कलकत्ता अंतर सुमारे दोनशे किलोमीटरांनी कमी भरले, आणि थेट वाहतुकीचा मोठा ओघ तिकडे वळला. जबलपूरचे नाक्याचे महत्त्व उणावले. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला झाली. उच्च न्यायालय तेवढे जबलपुरास आले. येथील मराठी माणसास आता नागपूरही परराज्यातले झाले.

मग आज चार दिवसांसाठी कोठे जावे? मुंबईस गेल्यास एका रात्रीचा प्रवास पुरतो, आप्तांचे घर सापडते, आणि गिरगाव-दादरच्या रस्त्यांवर मराठी कानी पडते. कलकत्त्याची बाजू वरवर पाहता लंगडी वाटते. परंतु तेथील इंडियन म्युझियममध्ये भरहुतच्या स्तूपाचे तांबूस कठडे उभे आहेत. १८७३ मध्ये कनिंगहॅम याला ते सापडले ते सतना परिसरात, म्हणजे जबलपूरहून प्रयागास जाणाऱ्या लोहमार्गाच्या आसपासच. १८२८ मध्ये स्लीमनला जबलपूरच्या बारा सिमला टेकडीजवळ अजस्र प्राण्याची हाडे आढळली होती. भारतात डायनोसॉरचे अवशेष मिळाल्याची ती पहिली नोंद होय. त्या हाडांवरून १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव ठेवले गेले. पुढे ती हरवली असे मानले जात होते. त्यांतील एक हाड २०१२ मध्ये सापडले ते कलकत्त्यासच, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या संग्रहात.

म्हणजे जबलपूरच्या मराठी माणसास आपली भाषा मुंबईस भेटते, आणि ज्या भूमीवर तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला तिचा पुरातन ठेवा कलकत्त्यास जपलेला आहे. येथील घरांतून मुंबईची वाट सर्वांस ठाऊक असते; मुलांना एकदा तरी पूर्वेची गाडी दाखविणे हे वडीलधाऱ्यांकडे राहते. टपाल आता विमानाने जाते आणि तो मार्ग बांधणारे राज्यही गेले. पण हावडा-मुंबई मेल आजही प्रयागराज आणि जबलपूर या जुन्याच मार्गाने धावते, आणि जबलपूरच्या स्थानकावर ती दोन्ही दिशांनी येते.