विकत घेतलेली पुळण

नारळाचे नाव काढले की कोकणी माणसाचे कान टवकारतात, म्हणून नारळापासूनच सुरुवात करतो. १८८२ च्या सुमारास अमेरिकेतील काही उद्योगी गृहस्थांनी फ्लॉरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर लाखांनी नारळ लावले. जमीन कवडीमोल होती, हवा उष्ण होती, समोर अटलांटिक महासागर होता. बाग फळायला आणखी काय हवे, असे त्यांना वाटले. पण रानातल्या सशांनी आणि उंदरांनी कोवळे कोंब कुरतडून टाकले आणि त्या बागायतीचा बोऱ्या वाजला. तिच्यात पैसे गुंतवलेला न्यू जर्सीचा एक बागाईतदार, जॉन कॉलिन्स त्याचे नाव, आपले पैसे कुठे बुडाले ते पाहायला आला आणि तिथलाच झाला. १९१२ साली त्याने खाडीवर लाकडी पूल बांधायला घेतला. पैसे अर्ध्यावर संपले. तेव्हा मोटारींच्या दिव्यांवर गब्बर झालेल्या कार्ल फिशर नावाच्या धाडशी माणसाने त्याला पन्नास हजार डॉलर कर्जाऊ दिले आणि बदल्यात दोनशे एकर जमीन घेतली. फिशरने तिवरांचे रान तोडले, खाडीच्या तळाचा गाळ उपसून दलदलीवर पसरला आणि त्या भरावावर गाव वसवले. १९१५ साली त्याची रीतसर स्थापना झाली. हेच ते मायामी बीच.

आता या गावाची जागा नीट ध्यानात घ्यावी लागेल. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये पडलेली ती वाळूची एक लांबट पट्टी. अशी पट्टी आपल्याला स्थिर दिसते, पण ती चालत असते. त्या किनाऱ्यावर लाटा तिरप्या येतात आणि वाळूचा कण न् कण थोडाथोडा दक्षिणेकडे सरकवतात. आज गेलेल्या कणाच्या जागी उत्तरेकडून उद्या दुसरा येतो. आवक आणि जावक सारखी असली की पुळण जिथल्या तिथे दिसते. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणाही गृहिणीला हे शास्त्र समजावून सांगायला नको.

या वहीतली आवक माणसाने बंद केली. १९०५ साली बोटींसाठी पट्टीच्या दक्षिण टोकाला कालवा खणला गेला. १९२५ साली उत्तरेला बेकर्स हॉलोव्हर येथे दुसरे तोंड फोडण्यात आले. उत्तरेकडून येणारी वाळू त्या तोंडाशी अडू लागली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२६ मध्ये, भयंकर चक्रीवादळाने गाव धुऊन काढले. तरी बांधणारे थांबले नाहीत. जिथे वाळूच्या टेकड्या असायच्या, तिथे हॉटेलांचे पाये आले. समुद्र जवळ आला की मालक काँक्रीटची भिंत घालायचा. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायाखालची वाळू आणखी ओढून न्यायची. मग दगडांचे आडवे बांध समुद्रात घालायचे. त्यात माझ्या अंगणात वाळू साठते आणि दक्षिणेकडच्या शेजाऱ्याच्या अंगणातली जाते. शेजारीही बांध घालतो. असे करता करता सारा किनारा दगडांनी कापला गेला.

धूपप्रतिबंधक बंधारा हा जडजंबाळ शब्द मी लहानपणी आजोळी ऐकला. आजोबा सांगत, बंधारा आमच्या वाडीपुढे संपला आणि त्याच्या टोकाला पलीकडच्यांची माडांची रांग दोन पावसाळ्यांत गेली. त्या घरची माणसे पुढे आमच्याशी बोलत नसत. बंधारा काही आजोबांनी बांधला नव्हता, पण राग मात्र त्यांच्यावर.

१९५४ साली मायामी बीचवर फाँतेनब्लो हे प्रचंड हॉटेल उभे राहिले. त्याच्या मालकांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांनी चौदा मजल्यांची नवी इमारत अशी योजली की शेजारच्या ईडन रॉक हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर भर दुपारी तिची सावली पडावी. शेजारी कोर्टात गेला. १९५९ साली कोर्टाने सांगितले, उन्हावर कुणाचा हक्क नाही. उन्हासाठी भांडणाऱ्या या मंडळींच्या दारात वाळू मात्र उरली नव्हती. पुष्कळ ठिकाणी भरतीचे पाणी भिंतीला लागे, आणि पाहुणे काँक्रीटच्या ओट्यावर ऊन खात.

पैसा सरकारकडे होता. १९३० साली अमेरिकी सरकारने किनाऱ्यांच्या धुपीचा अभ्यास करण्यासाठी मंडळ नेमले. १९४६ च्या कायद्याने सार्वजनिक किनाऱ्याच्या संरक्षणाच्या खर्चाचा एक तृतीयांशापर्यंत वाटा सरकारने उचलण्याची सोय झाली. १९५६ साली ती खाजगी किनाऱ्यालाही लागू झाली. मात्र लोकांचा त्यात लाभ हवा. साऱ्या कहाणीची मेख या अटीत आहे. सरकारी वाळू हवी तर तिच्यावर कोणालाही चालू द्यावे लागेल. हॉटेलवाल्यांना ते रुचेना. आमच्या पाहुण्यांसमोर कोणीही येऊन चादर पसरणार! त्यापेक्षा पुळण नसलेली बरी, असा हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे केला.

कोणीही म्हणजे कोण, हेही पाहिले पाहिजे. त्या किनाऱ्यावर काळ्या लोकांना समुद्रस्नानाला बंदी होती. हॉटेलांत राबायचे, पण पाण्यात पाय घालायचा नाही. ९ मे १९४५ रोजी लॉसन थॉमस या वकिलाच्या पुढाकाराने काही काळी स्त्री-पुरुष मंडळी हॉलोव्हरच्या किनाऱ्यावर गेली आणि सरळ पाण्यात उतरली. पोलीस आले, पण कोणाला पकडले नाही. १ ऑगस्टला सरकारने व्हर्जिनिया की हे बेट त्यांच्यासाठी उघडले. तिथे जायला तेव्हा पूल नव्हता, होडीने जावे लागे. वर्गात हा भाग सांगताना मुले महाडच्या तळ्याचे नाव आपण होऊन घेतात. मला ते सांगावे लागत नाही.

१९६८ साली अमेरिकी काँग्रेसने मायामी बीचच्या योजनेला मंजुरी दिली, तरी वाळू पडायला आणखी आठ वर्षे गेली. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळले होते. खुद्द फाँतेनब्लो १९७७ साली दिवाळखोरीत निघाले. रिकाम्या खोल्यांनी जे शिकवले ते सरकारी अधिकाऱ्यांच्या विनवण्यांनी शिकवले नव्हते. १९७६ ते १९८१ या काळात लष्कराच्या इंजिनिअर दलाने समुद्रतळातील वाळू पंपाने शोषून, पाण्यासकट नळांतून किनाऱ्यावर ओतली. सुमारे सोळा किलोमीटर लांबी, जवळजवळ एक कोटी घनमीटर वाळू आणि खर्च सहा कोटी चाळीस लाख डॉलर. किनाऱ्यावर येणाऱ्यांची मोजणी १९७८ साली ८० लाख होती, ती १९८३ साली २ कोटी १० लाखांवर गेली.

कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या करातून श्रीमंतांच्या हॉटेलांपुढे वाळू का टाकावी, हा प्रश्न अमेरिकेत विचारला जातो, आणि तो रास्त आहे. माझे मत असे की त्या अटीपुरते तरी सरकार शहाणे ठरले. अट नसती तर तो निव्वळ दानधर्म झाला असता, आणि तोही धनिकांना.

अटीवरचे भांडण मात्र मिटले नाही. फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणे, भर घालण्यापूर्वी किनाऱ्यावर एक रेषा ठरवतात; तिच्या समुद्राकडे जी नवी वाळू पडेल ती सरकारची. राज्याच्या वायव्येला डेस्टिन गावाजवळ १९९५ च्या ओपल वादळाने किनारा खाल्ला होता. तिथे भर टाकायचे ठरले तेव्हा काही घरमालक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, आमच्या जमिनीला समुद्र लागून होता, आता मध्ये सरकारची पट्टी आली. आमचा समुद्र तुम्ही घेतलात. हा वाद वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ जून २०१० रोजी आठ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. घरमालक हरले.

मायामी बीचची पुळण त्यानंतरही चालतेच आहे, कारण हॉलोव्हरचे तोंड उघडेच आहे. पुन्हा पुन्हा भर घालावी लागते. जवळच्या समुद्रतळावरची उपसण्याजोगी वाळू संपत आली. शेजारी बहामा बेटे, जवळचे बेट ऐंशी-एक किलोमीटरवर. तिथे पांढऱ्या वाळूला तोटा नाही. पण १९८६ च्या कायद्याने, देशात परवडणारी वाळू मिळत असेपर्यंत सरकारी पैशाने परदेशी वाळू घेता येत नाही. म्हणून अलीकडच्या वर्षांत राज्याच्या पोटातल्या खाणींतून वाळू खणतात, ट्रकांत भरतात आणि हॉटेलांच्या मधल्या गल्ल्यांतून नेऊन समुद्राच्या काठी ओततात.