स्मशानवैराग्य आणि वारी



मन एकदा देवाकडे वळले की कार्यभाग झाला, असे आपल्याला वाटते. पण मन पुन्हा माघारी फिरते, आणि लोक हसतात. या दृष्टीने अमेरिकेतील एका गायकाचे चरित्र मनन करण्यासारखे आहे.

लिटल रिचर्ड यांचा जन्म 5 डिसेंबर 1932 रोजी जॉर्जिया राज्यातील मेकन येथे एका मोठ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. गाणे त्यांना लहानपणी चर्चमध्ये लाभले. गॉस्पेल म्हणजे तेथील ख्रिस्ती भाविकांचे भजन. एकाने म्हणावे, बाकीच्यांनी धरावे, टाळ्यांनी ठेका द्यावा. 1947 साली सिस्टर रोझेटा थार्प या थोर गॉस्पेल गायिकेने या मुलाचा आवाज ऐकून त्याला आपल्या कार्यक्रमात गायला उभे केले. पुढे 1955 मध्ये ‘टुटी फ्रुटी’ या गाण्याने ते रॉक अँड रोलचे बिनीचे गायक ठरले. भजनातली ती उंच आर्त हाक आता नाचगाण्यासाठी लागू लागली.

ऑक्टोबर 1957 मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते. सिडनी येथे त्यांना आकाशात अग्नीचा गोळा दिसला. 4 ऑक्टोबरला रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला होता. दिसले ते तेच, असे पुढे सांगितले गेले. रिचर्ड यांनी मात्र तो देवाचा इशारा मानला. बोटांतल्या मौल्यवान अंगठ्या पाण्यात टाकल्या, दौरा अर्धवट सोडला आणि अलाबामातील हंट्सव्हिल येथे ओकवुड महाविद्यालयात धर्मशास्त्र शिकायला गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे 24 होते.

मग त्यांनी गॉस्पेल गाणी ध्वनिमुद्रित केली. क्विन्सी जोन्स या नामवंत संगीतकाराच्या हाताखाली मर्क्युरी कंपनीसाठीही ती गायली. पण 1962 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात श्रोते भजनाला रंगेनात; त्यांना जुनी गाणी हवी होती. रिचर्ड ती गाऊ लागले आणि पुन्हा त्याच प्रवाहात ओढले गेले. 1977 मध्ये पुन्हा विरक्ती आली, 1979 मध्ये पुन्हा गॉस्पेलची तबकडी निघाली, आणि काही वर्षांनी पुन्हा रंगमंच.

त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. पण अंगठ्या पाण्यात टाकणारा हात खोटा नव्हता. भयातून आलेले वैराग्य खरे असले तरी अल्पायुषी असते. आपल्याकडे त्याला स्मशानवैराग्य म्हणतात: चितेजवळ उपजते आणि घरी येऊन दोन घास पोटात गेले की ओसरते.

आपल्या संतांनी मनाचा हा स्वभाव ओळखला होता. म्हणून त्यांनी एकाच मोठ्या त्यागावर भिस्त ठेवली नाही. गळ्यात माळ, पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ आणि वर्षाची वारी असा नेम लावून दिला. वारी या शब्दातच फेरी आहे. एकदा पंढरपूर पाहून आला तो यात्रेकरू. जो पुन्हा पुन्हा येतो तो वारकरी. मन माघारी फिरणार हे गृहीत धरूनच ही वाट आखलेली आहे. आषाढीला निघालेला माणूस संसारात परततो म्हणून त्याची वारी खोटी ठरत नाही. पुढच्या आषाढीला तो निघतो की नाही, एवढेच पाहायचे.

रिचर्ड यांना असा नेम लाभला नाही. ओढ मात्र सुटली नाही. 9 मे 2020 रोजी ते निवर्तले. त्यांचा देह हंट्सव्हिलला, ओकवुडच्याच भूमीत विसावला आहे.