गुन्हा कबूल म्हटल्यावर

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या आजच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. अध्यक्षस्थानी होते गांधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत आजारपणामुळे शिक्षेतून सुटलेले. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे त्यांनी राजद्रोहाचा गुन्हा कबूल केला. पूर्ण खटला चालवावा, हा सरकारी वकील स्ट्रँगमन यांचा आग्रह बाजूला ठेवून न्यायाधीशांनी कबुली स्वीकारली आणि टिळकांच्या खटल्याचा दाखला देत सहा वर्षांची शिक्षा दिली. गांधींनी अपील केले नाही. टिळकांनी १९०८ मध्ये आरोप नाकारला होता आणि शिक्षेनंतर प्रिव्ही कौन्सिलकडेही दाद मागितली होती. गुन्ह्याची कबुली आणि अपील, या आपल्या विषयाची दोन टोके अशी टिळकांचे नाव असलेल्या या एकाच पेठेत भेटतात.

कबुली दिली की दोषी ठरवल्याविरुद्ध अपील नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर का, एवढ्यापुरतेच अपील. हा नियम १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१२ होता, १९७३ च्या संहितेत ३७५ झाला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१६ आहे. अमेरिकेत आरोपी पुष्कळदा अपिलाचा हक्क सोडल्याचे लिहून देतो, म्हणजे निदान कागद तरी त्याच्यासमोर येतो. आपल्याकडे कायदाच परस्पर हक्क काढून घेतो, आणि पुष्कळांना ते नंतर वकिलाकडून कळते. २००६ पासून आलेल्या प्ली बार्गेनिंगमध्ये, म्हणजे कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेच्या तडजोडीत, तर निकाल अंतिमच. उरते ती सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी किंवा उच्च न्यायालयातली रिट.

नव्या अभ्यासकाने सुरुवात थिप्पस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालापासून करावी. थोडक्यात सुटू या भरवशावर आरोपीने गुन्हा कबूल केला, दंडही झाला. मग सरकारच्या अपिलात उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली. सर्वोच्च न्यायालयाने हे अनुच्छेद २१ च्या विरुद्ध ठरवले आणि खटला पुन्हा खालच्या कोर्टात पाठवला. निकाल जेमतेम काही परिच्छेदांचा, पण माझ्या मते जाडजूड ग्रंथांहून अधिक शिकवणारा.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात प्रश्न आणखी एका ठिकाणी अडतो. समन्स खटल्यात कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी, असे संहिता सांगते. हे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयात महंत कौशल्यदास खटल्यात ठरले. बेळगाव-निपाणीकडे दप्तर कानडीत, आरोपी पुष्कळदा मराठी. ‘व्हय, चुकलं साहेब’ हे उत्तर गुन्ह्याची कबुली की नुसती अजिजी? दप्तरात त्याचे ‘गुन्हा कबूल’ झाले की मागे जायची वाट बंद होते.

म्हणून बेळगावच्या राजा लखमगौडा विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की कलमे पाठ करण्याआधी एक सकाळ मॅजिस्ट्रेट कोर्टात बसा, आणि आरोप कोण, कोणत्या भाषेत समजावतो ते लिहून घ्या.